विल्शर वाया गेला की वापरला गेला?

चौकोनी खिडकी

मागे मॅक्स डाउमनवर बोलणं चाललं होतं. नोव्हेंबर 2025 मध्ये हा 15 वर्षांचा पोरगा लंडनच्या आर्सेनल फुटबॉल क्लबकडून चॅम्पियन्स लीगमध्ये उतरला, सगळे खूश होते. त्यात रात्रपाळी यांनी लिहिलं, "याचा विल्शर होऊ नये म्हणजे मिळवलं. तोही असाच गुणी होता, पण वाया गेला." ते "वाया गेला" तेव्हापासून मनात टोचतंय, म्हणून हा वेगळा धागा.

जॅक विल्शर हा आर्सेनलचाच इंग्लिश मिडफिल्डर. त्याची माझी पक्की आठवण 16 फेब्रुवारी 2011 ची. बार्सिलोना लंडनमध्ये आलं होतं. आपल्याकडे मध्यरात्र उलटून सव्वा वाजता सामना सुरू झाला. समोर शावी, इनिएस्ता, बुस्केट्स. त्या बार्सिलोनाविरुद्ध चेंडू मिळाला की बहुतेक संघ घाबरून तो लांब भिरकावून द्यायचे. हा 19 वर्षांचा मुलगा मात्र पाठीवर माणूस असताना चेंडू मागत होता. डाव्या पायाने पहिल्याच स्पर्शात वळायचा आणि दोघांच्या मधून निघून जायचा. व्हियाने बार्साला पुढे नेलं, शेवटच्या पाऊण तासात कधीतरी वाटलं की संपलं आता, आणि मग फान पर्सी आणि अर्शाविनच्या गोलांनी 2-1. गोल त्यांचे, पण सकाळी ऑफिसमध्ये मी ज्याच्याविषयी बोलत होतो तो विल्शर.

त्या मोसमात तो आर्सेनलकडून 49 सामने खेळला. एकोणपन्नास! शिवाय इंग्लंडचे सामने वेगळे. बार्सिलोनाच्या बरोबर आठवडाभर आधी तो कोपनहेगनला डेन्मार्कविरुद्ध खेळून आला होता. मोसम संपल्यावर 4 जूनला स्वित्झर्लंडविरुद्ध पुन्हा मैदानात. जुलैच्या शेवटी सरावाच्या स्पर्धेत काही मिनिटांतच घोटा धरून बाहेर. सप्टेंबरमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चरवर शस्त्रक्रिया. पुढचा अख्खा 2011-12 चा मोसम गेला. परतला तो ऑक्टोबर 2012 मध्ये, आणि त्यानंतरचा विल्शर कायम दुखण्याच्या सावलीत खेळलेला विल्शर आहे.

वयाच्या 30 व्या वर्षी, जुलै 2022 मध्ये त्याने बूट काढून ठेवले. माझं म्हणणं एवढंच, की 18-19 वर्षांच्या मुलाला किती खेळवायचं हे तो मुलगा ठरवत नाही. ते ठरवणारी मोठी माणसं होती. दोष त्यांच्या पदरात घाला.

रात्रपाळी

मी लिहिलेलं वाक्य आहे, तर उत्तरही मीच देतो.

49 सामने हा आकडा सगळे सांगतात. मग जेम्स मिल्नरचं काय? 2002 मध्ये 16 वर्षांचा असताना लीड्सकडून उतरला आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर प्रीमियर लीगमध्येच खेळत होता. फाब्रेगास घ्या. त्याच आर्सेनलमध्ये, त्याच व्यवस्थापक वेंगरच्या हाताखाली 17 व्या वर्षी लीगचे 33 सामने खेळला. पुढे विश्वचषक जिंकला, चेल्सीकडून दोनदा लीग जिंकली. रूनीही पहिल्यांदा उतरला तेव्हा 16 चाच होता. जास्त खेळल्याने माणूस मोडतो असं असेल तर हे सगळे कसे टिकले?

फरक खेळण्याच्या पद्धतीत आहे. फाब्रेगास चेंडू यायच्या आधी मान वळवून बघायचा आणि एका स्पर्शात सोडून द्यायचा. विल्शर चेंडू पायाशी ठेवायचा, प्रतिस्पर्ध्याला अंगावर येऊ द्यायचा आणि शेवटच्या क्षणी निसटायचा. दिसायला देखणं, मान्य. पण निसटायला अर्धा क्षण उशीर झाला की समोरच्याचा बूट घोट्यावर बसतो. मार्च 2014 मध्ये डेन्मार्कच्या आगरचा पाय बसला आणि पावलाचं हाड मोडलं. नोव्हेंबर 2014 मध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध पुन्हा घोटा गेला. एप्रिल 2017 मध्ये हॅरी केनशी टक्कर झाली आणि पाय मोडला. दर वेळी तेच चित्र. हे त्याला कुणी शिकवलं नाही का? की शिकवलं आणि त्याने ऐकलं नाही?

आणि 2013 मध्ये नाइटक्लबबाहेर सिगारेट ओढतानाचा फोटोही आला होता. वेंगरनी उघड नाराजी दाखवली होती. तो काही निरागस बळी नव्हता.

घोटा आणि गुडघा

मी फिजिओथेरपिस्ट आहे, ठाण्यात. विल्शरची कागदपत्रं मी पाहिलेली नाहीत, त्यामुळे त्याच्या घोट्यात नेमकं काय झालं यावर बोलणार नाही. स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणजे काय तेवढं सांगते, कारण वर दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत.

धावताना, उडी मारताना, झटकन वळताना हाडात डोळ्यांना न दिसणारी बारीक इजा होत असते. ती रोज होते आणि शरीर ती रोज भरून काढतं. त्याला वेळ लागतो. इजा होण्याचा वेग भरून येण्याच्या वेगापेक्षा जास्त राहिला की बारीक तडा जातो. एका टॅकलने हे होत नाही. आठवड्यामागून आठवडे साचत जातं. खेळाडूला आधी फक्त ठणका जाणवतो, तोही खेळून झाल्यावर. मग खेळताना. विशीच्या सुरुवातीला हाडं अजून भरीव होत असतात, त्यामुळे या वयात जास्त जपावं लागतं.

रात्रपाळी, तुम्ही म्हणता ती 2014 आणि 2017 ची दुखणी टॅकलची, टकरीची. पण 2011 चं दुखणं त्या जातीचं नाही. आणि पहिल्या दुखण्यातून उठलेला खेळाडू नकळत दुसऱ्या पायावर भार टाकतो, चाल बदलते. 2012 मध्ये त्याच्या गुडघ्यावरही शस्त्रक्रिया झाली होती, हे इथे कुणी लिहिलंच नाही.

सिगारेटने हाड भरून यायला उशीर लागतो, हे खरं. पण एका फोटोवरून दोन वर्षं आधीच्या फ्रॅक्चरचं कारण काढता येत नाही.

मिल्नर आणि फाब्रेगासबद्दल एकच सांगते. माझ्याकडे एकाच संघातली, एकाच वयाची, सारखाच सराव करणारी दोन मुलं येतात. एकाला काही होत नाही, दुसऱ्याची नडगी ठणकते. "तो टिकला, मग तुला काय झालं?" असं त्या दुसऱ्याला विचारणारे पालकही येतात.

पेठेतला

ताई, शेवटचं वाक्य वाचून गप्पच झालो थोडा वेळ.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडं फुटबॉल म्हणजे काय ते सांगायला नको. 17 वर्षांचा असताना एकाच हंगामात शाळेचा संघ, तालमीचा संघ आणि वयोगटाचं शिबिर, असं तिन्हीकडून खेळलोय. तिन्हीकडचे मास्तर वेगळे, आणि कोण कुणाला विचारतंय? प्रत्येकाला वाटायचं, पोरगं आपल्याकडं आठवड्याला एकच मॅच खेळतंय. पोटरीच्या खाली आतल्या बाजूला दुखायचं. बर्फ लावायचा, पट्टी गुंडाळायची, उतरायचं. शेवटी चालता येईना तेव्हा एक्स-रे काढला. तिथंच माझा खेळ संपला.

पण मला कुणी जबरदस्ती केली नव्हती. बस म्हणाले असते तर रडलो असतो, भांडलो असतो. म्हणून विल्शरची ती 2011 च्या उन्हाळ्यातली गोष्ट मला लगेच कळते. 21 वर्षांखालची युरो स्पर्धा डेन्मार्कला होती. क्लबला तो जायला नको होता, तो स्वतः जायला तयार होता, आणि बरीच चर्चा होऊन शेवटी त्याला संघातनं वगळलं. 19 व्या वर्षी पोरगं तयारच असणार. त्याला नाही म्हणायला दुसरं कुणीतरी लागतं.

लाल भिंत

पेठेतला, तुमच्याबद्दल वाईट वाटलं. पण तुमच्याच उदाहरणाने मूळ धाग्यातला मुद्दा मोडतो, हे लक्षात आलं का? त्या उन्हाळ्यात "नाही" म्हणणारी माणसं होती! क्लबने जोर लावला, मुलाला युरोला पाठवलं नाही, जूनमध्ये विश्रांती मिळाली. तरी जुलैत घोटा गेला.

वेंगरना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणाऱ्यांनी तो संघही आठवावा. फाब्रेगासच्या मांडीचे स्नायू सारखे दुखावत होते. दियाबी जेमतेम उपलब्ध. रॅमसीचा पाय फेब्रुवारी 2010 मध्ये स्टोकला मोडला होता आणि तो नुकता सावरत होता. फेब्रुवारीपर्यंत आर्सेनल चारही स्पर्धांत जिवंत होतं. अशा वेळी तुमचा सगळ्यात चांगला खेळणारा मिडफिल्डर बाकावर बसवाल? बसवला असता तर आपणच ओरडलो असतो. मी तरी ओरडलो असतो.

आणि त्याच व्यवस्थापकाने त्याला आधी जपलंही होतं. सप्टेंबर 2008 मध्ये ब्लॅकबर्नला 16 वर्षं 256 दिवसांचा असताना उतरवलं, पण त्यानंतर दीड वर्ष हळूहळूच. जानेवारी 2010 मध्ये बोल्टन क्लबला लोनवर (तात्पुरता उसना) पाठवलं, म्हणजे आधी लीगचा धक्काबुक्कीचा खेळ अंगी मुरावा. एखाद्याला पिळून काढायचं असेल तर माणूस असं वागत नाही.

चौकोनी खिडकी

लाल भिंत, हे तुम्ही न्यायाने लिहिलंत. बोल्टनचा मुद्दा माझ्याकडून राहिला होता, आणि तो वेंगरच्या बाजूने जातो हे कबूल.

पण विश्रांतीचं गणित पटत नाही. 49 सामन्यांनंतर जूनमध्ये इंग्लंडसाठी खेळला आणि मग महिनाभर थांबला. ताईंनी वर लिहिलंय की हे आठवड्यामागून आठवडे साचतं. साचलेलं महिन्यात उतरतं का? विश्रांती नोव्हेंबरात द्यायला हवी होती, जानेवारीत द्यायला हवी होती. दियाबी आणि रॅमसी नव्हते म्हणून तो खेळला, हे स्पष्टीकरण मला कळतं. पण तिसरा माणूस विकत घेतला नाही, हाही मोठ्या माणसांचाच निर्णय. तो भार 19 वर्षांच्या घोट्यावर पडला.

रात्रपाळी, तुमच्या टॅकलच्या मुद्द्याचंही उत्तर देतो. ती त्याची चूक नव्हती, तोच त्याचा खेळ होता. अंगावर माणूस घेऊन निसटला की समोरच्या संघाचा एक माणूस खेळातून बाद होतो आणि पुढे जागा उघडते. इंग्लंडमध्ये त्या काळी हे करणारे मिडफिल्डर किती होते? फेब्रुवारी 2013 मध्ये वेम्बलीवर ब्राझीलविरुद्ध इंग्लंड 2-1 जिंकलं, तो सामना पुन्हा बघा. दीड वर्ष घरी बसून आलेला मुलगा ब्राझीलच्या मधल्या फळीतून सहज चालत होता. ते काढून टाकलं तर सुरक्षित पास देणारा आणखी एक खेळाडू उरला असता.

दहा नंबरी

सगळे हाडांवरच बोलताय. मला तर मूळ प्रश्नच चुकीचा वाटतो.

आर्सेनलकडून 197 सामने. इंग्लंडकडून 34. एक विश्वचषक आणि एक युरो खेळला. 2014 आणि 2015 चे दोन एफए कप. 2011 मध्ये व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेचा सर्वोत्तम तरुण खेळाडू. फान पर्सीनंतर दहा नंबरचा शर्ट. स्टीव्हनेजच्या पोराच्या पदरात हे सगळं पडलं, आणि आपण इथे बसून त्याच्या नावाने श्राद्ध घालतोय.

19 ऑक्टोबर 2013 चा नॉर्विचविरुद्धचा गोल काढून बघा. काझोर्ला, जिरू आणि हा, तिघांमध्ये चेंडू एकेका स्पर्शात फिरतो आणि शेवटी जिरूने हलकेच दिलेल्या चेंडूवर हा धावत येऊन तो आत ढकलतो. त्या मोसमातला सर्वोत्तम गोल ठरला तो. जून 2015 मध्ये लुब्लियानाला स्लोव्हेनियाविरुद्ध लांबून मारलेले दोन गोल बघा. इंग्लंडसाठी त्याने केलेले दोनच गोल, दोन्ही एकाच संध्याकाळी, दोन्ही डोळ्यांत राहणारे.

शंभर वर्षांत किती जणांनी असा एक तरी गोल केला असेल? "वाया" नको आणि "बळी"ही नको. छोटी कारकीर्द होती, आणि तिच्यात खूप काही होतं.

रात्रपाळी

दहा नंबरी, तुमचं वाचून बरं वाटलं, तरी पूर्ण पटलं नाही. शेवटची वर्षं डोळ्यांसमोरून हलत नाहीत. 2018 मध्ये आर्सेनल सुटलं, विश्वचषकाच्या संघात नाव नाही. लहानपणी ज्याचा चाहता होता त्या वेस्ट हॅममध्ये गेला, तिथेही दुखणी. बोर्नमथ. मग 2021 मध्ये क्लबच नाही, आर्सेनलच्या मैदानावर नुसता सरावाला यायचा. मग डेन्मार्कमधलं ऑर्हुस. 29 वर्षांचा माणूस, एके काळी बार्सिलोनाला नाचवलेला, आणि त्याला कुणी घेत नाही. याला काय म्हणायचं? मी रागाने "वाया गेला" लिहिलं होतं, आणि तो राग त्याच्यावर होता असं तेव्हा वाटलं. ताईंचं वाचल्यावर तेवढी खात्री राहिली नाही. मात्र त्याने स्वतःच्या खेळात काहीच बदललं नाही, हे मी अजूनही म्हणतो.

घोटा आणि गुडघा

बदललं होतं. बोर्नमथला लोनवर होता त्या 2016-17 मध्ये लीगचे 27 सामने खेळला, आणि मला तरी तो तिथे चेंडू लवकर सोडताना दिसला. त्याच मोसमाच्या शेवटी पाय मोडला.

पेठेतला

आणि आता तो स्वतः त्या खुर्चीत बसलाय. आधी आर्सेनलच्या 18 वर्षांखालच्या पोरांना शिकवलं. न्वानेरी आणि लुईस-स्केली त्याच्याच संघातनं 2023 ची युथ कप फायनल खेळले. नंतर नॉर्विच. ऑक्टोबर 2025 पासून ल्यूटनचा मॅनेजर, म्हणजे नऊ वर्षांचा असताना आर्सेनलला जायच्या आधी जिथं होता तिथंच परत. खालच्या लीगमध्ये शनिवारी मॅच, मंगळवारी मॅच. एखादं 18 वर्षांचं पोरगं चांगलं खेळायला लागलं आणि बाकीचे दुखावले, तर तो काय करतोय ते मी बघणार आहे.

लाल भिंत

खेळवेल. आणि मी त्याला दोष देणार नाही.

चौकोनी खिडकी

मला वाटतं, तिसऱ्या सामन्याला बसवेल.