अंगठ्याचं ऑपरेशन झालंय, फार ठणकतंय. कोणी जागं आहे का?

सोमवार, रात्री २.१२

सी ४०२ : कोणी जागं आहे का? इतक्या रात्री मेसेज टाकतेय, माफ करा. शनिवारी माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याचं ऑपरेशन झालं, बनियनचं. काल दुपारपर्यंत पाय बधिर होता, काहीच दुखत नव्हतं. मला वाटलं, सुटले. संध्याकाळपासून मात्र आतून कोणी पिळतंय असं ठणकतंय. ह्यांची सहाची पहिली पाळी आहे म्हणून उठवलं नाही. एवढ्याशा अंगठ्याचं ऑपरेशन, इतकं दुखतं का?

बी ६०१ : जागी आहे. तीन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या पायाचं झालंय. इतकंच दुखतं ताई, तुमचं काही चुकलेलं नाही. पाय आत्ता कसा ठेवलाय?

सी ४०२ : पलंगावरच. खाली एक उशी आहे.

बी ६०१ : एकीने होणार नाही. दिवाणखान्यातला लोड असेल तर तो घ्या, वर दोन उशा. सगळं पोटरीखाली यायला हवं आणि टाच मोकळी राहायला हवी. पाय छातीपेक्षा उंच झाला पाहिजे, नुसता पलंगावर असून भागत नाही. आणि गोळी कधी घेतलीत?

सी ४०२ : आठला. चिठ्ठीवर दर ६ तासांनी लिहिलंय, पण पुढची सकाळीच घ्यावी म्हणून ताणतेय. जास्त पेनकिलर घेतल्या की किडनीवर येतं म्हणतात.

बी ६०१ : म्हणजे गोळीची वेळ होऊन गेली. उठू नका, जवळ बिस्किटं असतील तर दोन खा आणि आत्ता घ्या. मीही पहिल्या रात्री अशीच ताणत बसले होते. ठणका एकदा डोक्यात गेला की मग गोळी लागू पडायलाही वेळ लागतो. आणि एक बघा, पट्टीतून बाहेर दिसणारी बोटं कशी आहेत? एका नखावर दाबून सोडा, पांढरं झालेलं नख लगेच गुलाबी होतंय का?

सी ४०२ : हो, होतंय. बोटं सुजलीत पण गरम आहेत.

बी ६०१ : मग काळजी नाही. बोटं निळसर पडली, गार लागली, किंवा पट्टी आवळल्यासारखी वाटून पाय वर घेऊनही ठणका वाढतच गेला, तर मात्र ह्यांना उठवायचं आणि हॉस्पिटलला फोन करायचा. रात्र आहे म्हणून थांबायचं नाही. मी फोन हातातच ठेवते.

रात्री ३.०५

सी ४०२ : उतरलं थोडं. डोळा लागतोय. वहिनी, खूप आधार झाला.

सोमवार, सकाळी

डी २०४ : रात्रीचे मेसेज आत्ता वाचले. किडनीचं मीच परवा जिन्यात बोललो होतो वहिनी. माझ्या थोरल्या भावाची किडनी गोळ्यांनीच गेली, डायलिसिसपर्यंत पाहिलंय, म्हणून तोंडून निघालं. तुम्हाला त्रास व्हावा असं मनात नव्हतं.

ए १०३ : काका, तुमची भीती खोटी नाही. वर्षानुवर्षं मनाने दुकानातून आणून घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या किडनीला खरंच घातक असतात. काकूंना दिल्यात त्या ऑपरेशननंतरच्या मोजक्या दिवसांपुरत्या, डॉक्टरांनी त्यांचे रिपोर्ट बघून. काकू, तुम्हाला बीपी, शुगर, ॲसिडिटी यांतलं काही असेल आणि ते डॉक्टरांना सांगायचं राहिलं असेल, तर आज फोन करून सांगा. मी फिजिओ आहे, औषध बदलायचं असेल तर ते तुमच्या सर्जनच सांगतील. पण एक गोष्ट प्रत्येक घरात बघते म्हणून लिहितेय : पाकिटांवर घटक वाचा. आपल्याकडे दुखण्याच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं. कणकण वाटली म्हणून घरातली पॅरासिटामॉल वरून घेतली की डोस दुप्पट होतो आणि तो लिव्हरवर येतो. दोन्ही पाकिटांचा फोटो मला वेगळा पाठवा, ग्रुपवर नको.

सी ४०२ : पाठवला. बीपीची गोळी चालू आहे, ते सांगितलं होतं.

ए ३०२ : बनियन म्हणजे नक्की काय? मला एकच बनियन ठाऊक आहे, म्हणून विचारतो.

बी ६०१ : काका, अंगठ्याच्या मुळाशी, दुसऱ्या पायाकडच्या अंगाला जो उंचवटा येतो ना, चप्पल घासून लाल होतो, तो. आपण 'हाड वाढलं' म्हणतो, पण बहुतेक वेळा हाड फारसं वाढलेलं नसतं. अंगठ्यामागचं तळपायातलं लांब हाड दुसऱ्या पायाच्या दिशेला सरकतं, अंगठा उलट शेजारच्या बोटावर कलतो आणि मधला सांधा बाहेर येतो. ऑपरेशनमध्ये ते लांब हाड कापून सरळ रेषेत आणतात आणि स्क्रूने बसवतात. माझ्या पायात दोन स्क्रू आहेत, ते कायमचेच. म्हणून 'एवढासा अंगठा' कोणी म्हटलं की मला वाईट वाटतं. मांडीचं हाड मोडलं तर कोणी असं म्हणत नाही. हेही हाडच कापलेलं असतं, आणि तेही अशा जागी की पाय खाली सोडला की सगळं रक्त तिथेच उतरतं. माझ्या सासरी 'चार दिवसांत चालायला लागशील' म्हणाले आणि मी पाचव्या दिवशी पोळ्या लाटल्या. महिनाभर सूज उतरली नाही.

ए ३०२ : आता नीट कळलं. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा वॉकर माळ्यावर आहे, काढून ठेवतो. कमोडची खुर्चीही आहे.

सी ४०२ : काका, वॉकर हवाच आहे. खुर्ची नको, बाहेरच्या बाथरूमला कमोड आहे.

ई ५०३ : उठता-बसता अडेल वहिनी, कमोड बुटका असेल तर खुर्ची वरून ठेवा. उकिडवं बसायचं नाही हे लक्षात असू द्या, भार पावलाच्या पुढच्या भागावर येतो.

ए १०३ : बरोबर. वॉकरची उंची मी संध्याकाळी येऊन लावून देते, उभं राहून हात सैल सोडले की मूठ मनगटाशी यायला हवी. ऑपरेशननंतरचा तो टाचेवर चालायचा बूट घातल्याशिवाय संडासपर्यंतही जायचं नाही. भार टाचेवरच.

बी ३०१ : अगं, आंबट अजिबात देऊ नका तिला. वांगं आणि भातसुद्धा बंद. टाक्यांत पू होतो. आणि टाक्यांवर हळद-तूप लावलं की लवकर भरून येतं, आमच्या आजीने सगळ्यांचं असंच केलं.

ए १०३ : मावशी, पट्टी उघडायचीच नाहीये. ऑपरेशनच्या जागी हळद, तूप, तेल काहीही गेलं तर तिथेच जंतू धरतील. आंबटाने पू होत नाही, जखमेत जंतू गेल्यावर होतो. लिंबू, आवळा उलट द्या. वरण, उसळ, दही, पनीर, चालत असेल तर अंडं, हे रोज पोटात जायला हवं, हाड त्याच्यावरच भरतं. तुमचे डिंकाचे लाडू मात्र जरूर पाठवा.

बी ३०१ : लाडू आजच करते. हळदीचं सांगितलंस ते बरं झालं, मी वाटी भरून नेणारच होते.

ई ५०३ : एक विचारू का? माझ्या आईचं पुढच्या महिन्यात हेच ऑपरेशन ठरतंय. ती मिश्री लावते. सांगायला हवं का डॉक्टरांना?

ए १०३ : नक्की सांगा. मिश्री तंबाखूचीच. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि कापलेलं हाड जुळायला उशीर होतो. ऑपरेशनच्या आधीपासून बंद केलेली चांगली. आणि जोडवी आधीच काढून ठेवा, सूज आल्यावर निघत नाहीत.

सोमवार, संध्याकाळी

सी ४०२ : दुपारी गोळी वेळेवर घेतली, पाय वर होता, दोन तास गाढ झोप लागली. बर्फ लावला तर चालेल का? पट्टी एवढी जाड आहे की काही गारच लागत नाही.

बी ६०१ : मला गुडघ्याच्या मागे लावायला सांगितलं होतं. पातळ फडक्यात गुंडाळून, १५ ते २० मिनिटं. थेट कातडीला नको.

ए १०३ : चालेल. जिथे बधिर लागतंय तिथे मात्र अजिबात नको, भाजल्यासारखं झालं तरी कळणार नाही. आणि काकू, पडल्या पडल्या घोटा वर-खाली हलवत राहा, तासाला दहा-पंधरा वेळा, पोटरीत रक्त साकळू नये म्हणून. पोटरी एकाच जागी दुखायला लागली, टणक झाली किंवा दम लागला तर फिजिओची वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल.

सी ४०२ : हे लिहायला संकोच वाटतो, पण तीन दिवस पोट साफ नाही.

ई ५०३ : संकोच कसला वहिनी. ती जास्त ताकदीची गोळी असते ना, तिने होतं. सर्जनना विचारून रात्री इसबगोल घ्या, आणि पाणी भरपूर. उठायला लागू नये म्हणून पाणी कमी पिताय ना? माझ्या नणंदेने तेच केलं होतं.

सी ४०२ : हो, तेच करत होते.

आषाढी एकादशी, दुपारी

सी ४०२ : आज चुकलं माझं. बरं वाटत होतं म्हणून खिचडी आणि वरीचे तांदूळ केले, ओट्याशी पाऊण तास उभी होते. आता बोटं जांभळी झालीत आणि पहिल्या दिवसासारखं ठणकतंय. टाके उसवले असतील का हो?

ए १०३ : बूट होता ना पायात? धक्का, मुरगळा काही?

सी ४०२ : बूट होता. काही लागलं नाही.

ए १०३ : मग आधी आडव्या व्हा आणि पाय उंच घ्या. पाय खाली लोंबला की रक्त उतरून बोटं जांभळी दिसतात. वीस मिनिटांनी रंग सांगा. पट्टीवर नवीन ओल, वास, किंवा ताप आहे का तेही बघा.

बी ६०१ : मी वर येतेय.

(अर्ध्या तासाने)

बी ६०१ : रंग परत आला. ताप ९८.४. पट्टी कोरडी आहे. पण ताईंच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पायाचं नव्हतं. ताई, तुम्ही आत्ता म्हणालात ते मी इथे लिहिते, रागावू नका. 'घरातलं कोणी काही म्हणत नाही, पण मलाच पडून राहायची लाज वाटते.' आपल्यापैकी किती जणींना हे असंच वाटतं! पहिले दोन आठवडे पाय वर ठेवणं हेच औषध आहे, गोळीइतकंच. तासातली पाच-दहा मिनिटं पाय खाली, बाकी वर. उद्यापासून तुमच्या ओट्याला हात लावायचा नाही. दुपारचा डबा माझ्याकडून.

ई ५०३ : शुक्रवार, शनिवार माझ्याकडून. रात्रीचं?

डी २०४ : रात्रीची भाकरी-भाजी आमच्याकडून आठवडाभर. मी स्वतः आणून देईन.

सी ४०२ : काय बोलू. नको म्हणणार होते, आता म्हणत नाही.

पुढच्या मंगळवारी

सी ४०२ : रात्री सलग सहा तास झोपले. सर्जनना विचारून जास्त ताकदीची गोळी बंद केली, आता नुसत्या पॅरासिटामॉलवर भागतंय. अंगठ्याच्या आतल्या कडेला मात्र बधिर लागतं, मुंग्या येतात. आणि आंघोळीचं काय करता सगळे?

बी ६०१ : मी स्टुलावर बसायचे, पाय बाहेर दुसऱ्या स्टुलावर, वरून दोन प्लास्टिकच्या पिशव्या आणि चिकटपट्टी. पावसाळ्यात पट्टी ओली झाली तर वाळत नाही, बदलायला जावंच लागतं. बधिरपणा माझा पाच-सहा महिन्यांनी बराच कमी झाला, थोडा अजून आहे. डॉक्टरांना दाखवून ठेवा. सूज तर संध्याकाळी आठ-नऊ महिने येत होती. आणि एक माझ्याकडून राहिलं ते तुम्ही करा : टाके निघाल्यावर अंगठा वाकवायचा व्यायाम सांगतील, तो दुखतं म्हणून सोडू नका. मी सोडला, माझा अंगठा आता सरळ आहे पण पुरता वाकत नाही. जिना उतरताना रोज आठवतं.

ए ३०२ : जिन्यावरून आठवलं. लिफ्ट गुरुवारी सर्व्हिसिंगला बंद आहे ना? तुमचे टाके कधी काढायचेत?

सी ४०२ : गुरुवारीच, ११ ला.

सेक्रेटरी (ए ५०१) : लिफ्टवाल्याशी बोललो, काम दुपारी २ नंतर सुरू करेल. तोवर तुम्ही परत आला असाल. नसाल तर मला फोन करा, मी थांबवून ठेवतो.

ए १०३ : तरी जिन्याची वेळ आलीच तर : चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा पाय. एक हात कठड्याला, मागे-पुढे एक माणूस. आणि काकू, 'स्कूटर कधी, रिक्षा कधी' ते गुरुवारी विचारून घ्या. स्कूटरला सहा आठवडे तरी धरा, एक्स-रेमध्ये हाड जुळलेलं दिसल्यावरच.

सी ४०२ : आणि माझी कोल्हापुरी?

ए १०३ : अंगठ्याची चप्पल बराच काळ नाही काकू. तो चामड्याचा अंगठा नेमका त्याच सांध्यावर दाबतो. पुढून रुंद, मऊ बूट. सूज उतरेपर्यंत एक नंबर मोठा लागेल, आत्ताच महागाचा घेऊ नका.

सी ४०२ : ठीक आहे. सासूबाईंनी दिलेली आहे, कपाटात जपून ठेवते.

गुरुवार, सकाळी १०.२०

सी ४०२ : सेक्रेटरीसाहेब, रिक्षा गेटच्या आत सी विंगपर्यंत येऊ द्याल का? पाऊस आहे आणि पट्टी भिजायला नको.

सेक्रेटरी (ए ५०१) : वॉचमनला सांगितलंय. छत्री घेऊन तो पायरीशी उभा आहे.

डी २०४ : मी खाली आलोच आहे वहिनी. वॉकर मी धरतो, तुम्ही फक्त टाचेवर या.