ऑफिसच्या कॉम्प्युटरमधलं 'स्नॅप' फोल्डर : सोसायटी ग्रुप

सी-४०२: सेक्रेटरीसाहेब, माझ्या स्कूटरला कोण घासून गेलं त्याचा फोटो आज तरी मिळणार का? फोल्डर उघडायला घेतलंय, वरची हिरवी पट्टी हलायचं नाव घेत नाही.

सेक्रेटरी: नमस्कार. कॅमेरेवाल्याने सगळे फोटो एकाच फोल्डरात टाकलेत, साडेतीन लाखांच्या वर आहेत. कृपया धीर धरावा.

बी-१०१: एसएसडी (वेगवान डिस्क) बसवा. एजीएममध्येच सांगितलं होतं.

खजिनदार: तेव्हा लिफ्टच्या दोराला पैसे हवे होते. आठवत असेलच.

ए-२०४: आधी हे करा. फोल्डर उघडू नका, बाहेरूनच राइट क्लिक, प्रॉपर्टीज. तिथे फाइल्स मोजत बसेल, थांबू नका, सरळ कस्टमाइजवर जा. 'पिक्चर्स' असेल ते 'जनरल आयटम्स' करा. मग आत व्ह्यू 'डीटेल्स', ग्रुप बाय 'नन'. 'डेट टेकन', 'टॅग्ज' हे कॉलम काढून टाका. ते असले की विंडोज एकेक जेपीजी उघडून आतली माहिती वाचतं. नाव, साइज, डेट मॉडिफाइड फोल्डरच्या यादीतच असतात.

डी-३०३: टँकर आला का?

सी-४०२: ताई, जरा थांबा हो.

ई-५०३: एका रात्रीच्या फोटोंसाठी एक्सप्लोरर (फोल्डर उघडतो ती खिडकी) हवाच कशाला? फाइलच्या नावात कॅमेरा आणि तारीख आहे. कमांड प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायची खिडकी) उघडा. आधी 'एमडी डी:\स्कूटर', म्हणजे नवं फोल्डर. मग 'कॉपी डी:\स्नॅप\कॅम२_२०२५०६१४*.जेपीजी डी:\स्कूटर\'. सगळं अर्थात इंग्रजी कीबोर्डवर. पहिली पायरी गाळू नका. फोल्डर नसताना शेवटची तिरकी रेघ टाकायची राहून गेली, तर सगळे फोटो चिकटून 'स्कूटर' नावाची एकच निरुपयोगी फाइल होते.

बी-१०१: एवढा खटाटोप? पेनड्राइव्हवर सगळं काढा आणि घरी बघा.

ए-२०४: काका, पेनड्राइव्ह फॅट३२ (फाइल्स ठेवायची जुनी पद्धत) असेल तर एका फोल्डरात जास्तीत जास्त ६५,५३४ नोंदी मावतात, आणि लांब नाव एकटंच तीन-चार नोंदी खातं. अर्ध्यात एरर येईल.

बी-१०१: म्हणूनच म्हणतो, एसएसडी.

ई-५०३: एसएसडीने फरक पडेल, नाही असं नाही. पण साडेतीन लाख फाइल्सची यादी तिच्यावरही वाचावीच लागेल. महिन्यावार फोल्डर करणं हा खरा उपाय. 'मूव्ह' कमांडने *_२०२५०६* वगैरे त्या-त्या महिन्यात हलवा. एकाच ड्राइव्हवर फक्त नोंद बदलते, डेटा जागचा हलत नाही. रोबोकॉपी (विंडोजचीच दुसरी कमांड) नको, तो आधी कॉपी करतो मग पुसतो, रात्र जाईल.

वॉचमन केबिन: साहेब टँकर ९ ला येणार.

डी-३०३: 🙏

ए-२०४: आणखी एक. रिकामं झालं तरी जुनं फोल्डर जडच राहतं, कारण एनटीएफएसमध्ये (विंडोजच्या डिस्कवर फाइल्स ठेवायची पद्धत) त्याची फुगलेली यादी सहसा आकसत नाही. म्हणून कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर बंद करा, जुन्याचं नाव बदला, नवीन 'स्नॅप' बनवा, मग सुरू करा. सॉफ्टवेअरमध्ये तारखेनुसार सबफोल्डरचा पर्याय असेल तर लावा, नाहीतर वर्षभराने पुन्हा हीच चर्चा.

ई-५०३: शिवाय ८.३ ची छोटी नावं (जुन्या प्रोग्रॅमसाठी विंडोज प्रत्येक फाइलला देतं ती) बंद करा: अ‍ॅडमिन प्रॉम्प्टवर 'एफएसयूटिल ८डॉट३नेम सेट डी: १'. सगळ्या फाइल्सची सुरुवात सारखीच, त्यामुळे नवीन फाइल आली की न वापरलेलं छोटं नाव शोधण्यात वेळ जातो. हे फक्त नव्या फाइल्सना लागू. 'स्ट्रिप' मारून जुनी नावं काढायला जाऊ नका, टॅलीसारखं काही त्यावर अवलंबून असेल तर बसेल बोंबलत.

खजिनदार: टॅलीला कोणीही हात लावायचा नाही. सांगून ठेवतो.

सेक्रेटरी: कोणी काहीही डिलीट करू नये. पोलिसांनी मागितलं तर द्यावं लागतं.

बी-१०१: एसएसडीचं कोटेशन मी आणू का?

खजिनदार: आणा. तीन आणा.

सी-४०२: कॉपीची कमांड चालली! ११:४० चा फोटो, नंबरप्लेट स्वच्छ दिसतेय. आपल्याच बिल्डिंगची गाडी आहे. टाकू इथे?

सेक्रेटरी: टाकू नका. ऑफिसात या.

डी-३०३: कोणाची?