ए अक्षरावरची नागमोडी रेघ काढून टाकली तर नाव बदलतं का?

छापखानेवाली, गिरगाव
आमचा लहान छापखाना आहे. वसईच्या एका घरातून आजोबांच्या पहिल्या पुण्यस्मरणाच्या मिस्साची (चर्चमधल्या प्रार्थनेची) पत्रिका आली. आजोबांचं नाव जुआंव. रोमन लिपीत जे, ओ, ए, ओ अशी चार अक्षरं, ए-वर नागमोडी रेघ. आमच्या फाँटमध्ये तिथे चौकोन येत होता, म्हणून ऑपरेटरने साधा ए टाकला. २०० पत्रिका छापून झाल्या. आजोबांची मुलगी न्यायला आली, नावावर बोट ठेवून म्हणाली, "हे बाबांचं नाव नाही." परत छापून देणार आहे, पैसे घेणार नाही. पण ती रेघ करते काय? आणि उमटवायची कशी?

डीटीपी_परळ
विंडोजवर ऑल्ट दाबून ठेवून उजवीकडच्या आकड्यांवर ०२२७. कॅपिटल हवा तर ०१९५. तरी चौकोन आला तर त्या फाँटात ते अक्षरच नाही, फाँट बदला.

निवृत्त मुद्रितशोधक, दादर
ताई, ती रेघ म्हणजे पोर्तुगीजांचा अनुस्वार. मूळ लॅटिन नाव योहान्नेस. बोलता बोलता मधला न गळाला, पण नाकातला उच्चार मागे राहिला. जुने लेखनिक गळालेला न अक्षराच्या डोक्यावर बारीक करून लिहीत, त्याचीच पुढे रेघ झाली.

आपल्याकडेही तेच झालंय. नाम-चं नांव, ग्राम-चं गांव. म गेला आणि डोक्यावर टिंब आलं. ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो ते छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे काका शेवटपर्यंत ते टिंब देत. म्हणत, "नाव पाण्यात, नांव माणसाला." १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी उच्चारात न राहिलेले अनुस्वार काढले, त्यात हेही गेलं. मला ते पटतं, कारण आपण तिथे नाकात बोलतच नव्हतो. पोर्तुगीज मात्र आजही बोलतात. रेघ काढून टाकलीत की वाचणारा सरळ 'जोआओ' म्हणणार. गोव्यात २४ जूनला विहिरीत उड्या मारून सांजांव साजरा करतात, ते याच नावाच्या संताचं. पोर्तुगीज लिहिताना त्यातल्या दोन्ही शब्दांवर ही रेघ असते, आणि आपल्या माणसांनी कानाने ऐकून दोन्हीकडे अनुस्वार दिलाय. त्या मुलीचं बरोबर आहे.

वसईकर
एक सांभाळा. पासपोर्टवरून नाव उतरवू नका. खालच्या, यंत्राने वाचायच्या दोन ओळींत ए ते झेड एवढीच अक्षरं चालतात, खुणा नाहीत. घरातलं जुनं बायबल किंवा कबरीवरची फरशी मागा.

छापखानेवाली, गिरगाव
मुद्रितशोधक काका, तुमचं उत्तर ऑपरेटरला मोठ्याने वाचून दाखवलं. फाँट बदलला, रेघ उमटली. पण १२ पॉइंटात ती ए-ला चिकटून डाग पडल्यासारखी दिसते, म्हणून नाव १८वर नेलंय. वसईकर, फरशीचा फोटो मागवला, त्यावर रेघ खोल कोरलेली आहे. उद्या आजोबांच्या मुलीला प्रूफ दाखवते, तिने होकार दिला की मगच मशीनवर.