अनुभव धागा: मुलांचं इन्स्टा बंद केलं, मग घरात काय झालं?

धागाकर्ती, जुळे सोलापूर
लेक आठवीत आहे. रात्री साडेअकराला खोलीत डोकावले, तर चादर डोक्यावरून घेतलेली आणि कडेने उजेडाची रेघ. आपली सोलापुरी चादर केवढी जाड, तरी आतला उजेड लपत नव्हता. चादर ओढली. तिने वर पाहिलं, पण नजरेत ओळख यायला क्षणभर लागला. त्या क्षणाने मी घाबरले.

दुसऱ्या दिवशी इन्स्टा काढून टाकलं. आठवडाभर अबोला. मग कळलं, आजीच्या फोनवर दुसरं खातं चालू आहे.

ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब यांवर खातं ठेवता येत नाही. त्यातलं मला पटलं ते हे, की दंड कंपनीला आहे, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. मुलांना आणि आईबापांना काही नाही. आपल्याकडे २०२३ च्या डेटा कायद्यानुसार १८ खालच्यांची माहिती वापरायची तर पालकांची संमती लागणार. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण ही तरतूद लागू व्हायला तिथून १८ महिने. तोवर तुम्ही घरी काय करताय? जसं घडलं तसं लिहा.

शिक्षिका, पूर्व भाग
माझ्या वर्गात बऱ्याच मुलांच्या आया विड्या वळतात, वडील मागावर. घरात स्मार्टफोन एकच, आणि तो लेकराकडे. कारण फॉर्म भरणं, पैसे पाठवणं, शाळेचा ग्रुप बघणं त्यालाच जमतं. तिथे 'फोन काढून घ्या' म्हणजे घराचं कामच थांबवा.

नववीत विचारलं, खातं उघडताना जन्मसाल काय टाकलंस? एकजण म्हणाला, २००१. कुणी १९९५. पाचवी-सहावीतच उघडलेली खाती ही. इन्स्टाग्रामने १८ खालच्यांसाठी टीन अकाउंट आणलंय, ते आपोआप खासगी राहतं. पण ज्याचं जन्मसालच खोटं, त्याला ते मिळणार कसं? मी आता पालकसभेत फक्त एवढंच करून घेते: मुलाला शेजारी बसवा आणि जन्मतारीख तपासा.

वडील, यंत्रमाग कामगार
आमचं पोरगं रातभर रील बघायलेलं. मी पाळीला, कोण बघणार ओ? यंदा गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या आधी मामानं त्याला नंदीध्वजाच्या सरावाला नेलं. काठी पेलायची म्हणजे दोन्ही हात गुंतले, फोन कुठं धरणार? घरी आलं की जेवून झोपायचं. अक्षता झाल्या, यात्रा संपली, आणि पुन्हा तेच चालू झालंय. वर्षभर असं काय द्यायचं पोरांना, ते सांगा कुणीतरी.

विद्यार्थिनी, वय १७
मला दुसरी बाजू सांगायची आहे. अकरावीत असताना एका मुलाने माझा फोटो बदलून वेगळ्या खात्यावरून टाकला. मैत्रिणीने दाखवला तेव्हा हात गार पडले. घरी दोन महिने सांगितलं नाही. लाज वाटत होतीच. पण खरं कारण वेगळं होतं: पप्पा नेहमी म्हणायचे, "असलं काही कानावर आलं ना, फोन बंद, कॉलेज बंद." सांगितलं असतं तर शिक्षा मलाच झाली असती.

शेवटी आत्याला सांगितलं. तिने आधी पाणी दिलं, मग खात्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवले, मग पप्पांशी बोलली. तक्रार केल्यावर फोटो निघाला. बंदी घाला, पण त्याआधी मुलींना एवढं ऐकवा, की तक्रार घेऊन आलीस तर फोन जाणार नाही.

समुपदेशक, होटगी रोड
वरच्या मुलीसारखं कुणावर आलं तर १०९८ हा मुलांसाठीचा मोफत नंबर, चोवीस तास चालू. सायबर तक्रारीसाठी १९३०. मूल रडत असताना "कशाला टाकलास फोटो?" हा प्रश्न विचारू नका.

आजोबा, सात रस्ता
सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही, मोबाइल बंद. आमच्या सोसायटीत करून पाहिलं. मुलं चार दिवसांत रुळली, खाली पटांगणात खेळू लागली. मोडलं ते आम्ही मोठ्यांनी, सात वाजताच्या मालिकेपायी. नातीनेच येऊन टीव्हीकडे बोट दाखवलं.

धागाकर्ती
सतरा वर्षांच्या बाळा, तुझं वाचून मी रात्री लेकीजवळ जाऊन बसले. "तुला कुणी त्रास दिला आणि तू मला सांगितलंस, तर फोन काढून घेणार नाही," एवढंच म्हणाले. ती काही बोलली नाही, पण उठूनही गेली नाही.

दहानंतर आता सगळ्यांचे फोन देवघराशेजारच्या कोनाड्यात, माझा आणि सासूबाईंचाही. ज्यांच्या घरात एकच फोन आहे, त्यांनी रात्रीचं कसं जमवलं ते नक्की लिहा.