वेगळा सर्व्हर न ठेवता घरात नेटवर्क प्लेअर चालेल का?

गिरगावकर_श्रोता

बाबांच्या ४०० च्या आसपास सीडी फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवता गाणी साठवणाऱ्या फाइली) उतरवून झाल्यात. बहुतेक ख्याल आणि नाट्यसंगीत. सगळं एका एक्स्टर्नल डिस्कवर आहे. बाबांना ते बाहेरच्या खोलीतल्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर ऐकायचंय, तेही दुपारी, मी लॅपटॉप घेऊन ऑफिसला गेलेलो असताना. लॅमिंग्टन रोडवर विचारलं तर दुकानदार म्हणाला, नेटवर्क प्लेअरसोबत (घरच्या नेटवर्कवरून गाणी घेऊन वाजवणारं यंत्र) नॅस (नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी) किंवा सतत चालू राहणारा पीसी लागणारच. आमच्या दोन खोल्या. चोवीस तास पंखा घोंघावणारं यंत्र ठेवायला जागा नाही आणि आईला ते चालणारही नाही. वेगळ्या सर्व्हरशिवाय जमेल का?

परळ_नाका

राउटरच्या मागे यूएसबी पोर्ट आहे का बघा. असल्यास डिस्क तिथे लावा आणि सेटिंगमध्ये मीडिया सर्व्हर चालू करा. फुकटात काम होतं.

पार्ले_पूर्व

जमतं, आणि छान जमतं. दुकानदार म्हणतो तेही अगदीच खोटं नाही. जुने स्क्वीझबॉक्स नावाचे नेटवर्क प्लेअर सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रामशिवाय घरातली गाणी वाजवतच नसत. पण त्याच घराण्यातल्या २०१० च्या स्क्वीझबॉक्स टचमध्ये यूएसबी डिस्क लावायची सोय होती आणि छोटा सर्व्हर आतच होता. सोनॉस कंपनीचा प्लेअर शेअर केलेल्या फोल्डरची यादी स्वतःच करून ठेवतो, ६५,००० गाण्यांपर्यंत, मात्र ते फोल्डर ज्या यंत्रावर आहे ते चालू लागतं. म्हणजे फाइली पुरवणं आणि त्यांची यादी ठेवणं ही कामं कुणीतरी करायचीच. तुमच्या घरी ती प्लेअरनेच करावीत.

राउटरचा उपाय मी वापरलाय. लाइट जाऊन आली की तो पूर्ण डिस्क पुन्हा वाचायला घ्यायचा आणि तोवर यादी अर्धीच दिसायची. शिवाय काही राउटर एनटीएफएस किंवा एक्सफॅट या फॉरमॅटची डिस्क वाचत नाहीत, ते आधी तपासा.

तुमच्यासाठी मी सुचवेन रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक, त्यावर मूड किंवा व्हॉल्युमिओ ही गाणी वाजवणारी प्रणाली, आणि अ‍ॅम्प्लिफायरला जोडायला एक यूएसबी डॅक (डिजिटल गाण्याचा अ‍ॅम्प्लिफायरला चालणारा सिग्नल करणारी डबी). या दोन्हींच्या आत एमपीडी हा गाणी वाजवणारा प्रोग्राम चालतो. गाणी पायलाच लावलेल्या पेनड्राइव्हवर ठेवा. फ्लॅकमध्ये एक सीडी साधारण ३०० ते ४०० एमबी होते, म्हणजे तुमचा सगळा संग्रह २५६ जीबीत बसतो. एक्स्टर्नल डिस्क थेट लावायची असेल तर स्वतंत्र वीज घेणारा हब घ्या. पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपियरच देतात.

आता तुमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. पुढचं कुठलं गाणं वाजवायचं, ही रांग कोण सांभाळतं ते विचारून घ्या. यूपीएनपी किंवा डीएलएनए (घरातली यंत्रं एकमेकांना गाणी पुरवतात त्या पद्धती) यांच्या कित्येक अ‍ॅपमध्ये रांग फोनमध्ये असते. फोन घराबाहेर गेला की चालू असलेलं संपतं आणि पुढचं सुरूच होत नाही. तुम्ही चर्चगेटला पोचेपर्यंत बाबांचं गाणं थांबलेलं असेल. एमपीडीत रांग प्लेअरमध्येच राहते. लिन कंपनीच्या ओपनहोम पद्धतीतही तसंच.

ख्यालासाठी एमपीडीचा आणखी एक फायदा आहे. बऱ्याच सीडींवर विलंबित एका ट्रॅकवर आणि द्रुत पुढच्या ट्रॅकवर असतं, मध्ये तबला मात्र अखंड चालू. साध्या डीएलएनए प्लेअरवर तिथे खाचकन खंड पडतो. सम येता येता आवाज तुटला तर ऐकणाऱ्याची बैठकच मोडते! एमपीडी फ्लॅक सलग वाजवतो.

टॅगबद्दल, म्हणजे फाइलीतच लिहिलेल्या गायक-रागाच्या नोंदींबद्दल थोडं. आपल्या संगीतात ‘अल्बम’वरून कुणी काही शोधत नाही, गायक आणि राग हवा असतो. मी गायकाचं फोल्डर, त्यात रागाचं, असं ठेवलंय आणि फोल्डरनेच उघडतो. फ्लॅकचे टॅग यूटीएफ-८ या सगळ्या लिप्या चालणाऱ्या पद्धतीत असल्याने ‘मारुबिहाग’ देवनागरीत व्यवस्थित दिसतं.

गिरगावकर_श्रोता

खूप आभार. रांगेचा मुद्दा दुकानात कुणीच काढला नव्हता. एकच अडचण राहते. बाबा रात्री निजताना भिंतीवरची सगळी बटणं बंद करतात. ती सवय काही मोडणार नाही.

पार्ले_पूर्व

मोडायची गरजही नाही. गाणी पेनड्राइव्हवर आहेत आणि प्लेअर ती नुसती वाचतो, त्यामुळे त्यांना फारसा धोका नाही. अधूनमधून खराब होतं ते पायमधलं, प्रणाली ज्यावर असते ते एसडी कार्ड, ऐन लिहिताना वीज गेली तर. बाबांना अ‍ॅपमधलं शटडाउन दाबून मिनिटभराने बटण बंद करायला सांगा. सगळं सेट झालं की कार्डाची लॅपटॉपवर एक पूर्ण प्रत घेऊन ठेवा आणि तसंच दुसरं कार्ड तयार करून ड्रॉवरमध्ये टाका. पहिलं बिघडलं तर दुसरं घातलं की काम झालं. गाण्यांचीही एक प्रत सध्याच्या डिस्कवर राहू द्या, ती पुसू नका.