१९२४ च्या बेळगाव अधिवेशनावर प्रकल्प: प्राथमिक संदर्भ म्हणून काय चालतं?

टिळकवाडी_बीए३
इतिहासाचा प्रकल्प आहे, विषय १९२४ चं काँग्रेस अधिवेशन. किमान आठ संदर्भ, त्यातले तीन प्राथमिक, असं मॅडमनी सांगितलंय. सध्या हाती विकिपीडिया, शताब्दीच्या वेळची पेपरातली कात्रणं आणि जिल्हा गॅझेटियर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ). गॅझेटियर सरकारी आहे, मग प्राथमिक धरायचं का? लायब्ररीत नेमकं काय मागू?

ग्रंथालय_खानापूर
सरकारी शिक्क्याचा इथं काही संबंध नाही. घटनेच्या वेळचा, घटनेत असलेल्यांचा कागद तो प्राथमिक. बेळगावची गॅझेटियरं दोन आहेत. मुंबई इलाख्याचं १८८४ चं, म्हणजे अधिवेशनाच्या चाळीस वर्षं आधीचं. त्यात अधिवेशन सापडणारच नाही, पण जुन्या गावाची पार्श्वभूमी लिहायला उपयोगी. कर्नाटक सरकारचं १९८७ चं नंतर संकलित केलेलं, म्हणून दुय्यम. दोन्ही संदर्भ विभागात असतात आणि घरी मिळत नाहीत, तेव्हा झेरॉक्सची सोय विचारून जा.

कात्रणांचंही तसंच. डिसेंबर २०२४ ची बातमी १९२४ साठी दुय्यम. पण 'शताब्दी कशी साजरी झाली' असं प्रकरण केलंत तर तीच बातमी प्राथमिक ठरते. म्हणून आधी प्रकरणाचा प्रश्न एका ओळीत लिहा, मग संदर्भ निवडा.

पहिला प्राथमिक संदर्भ सोपा आहे: गांधींचं अध्यक्षीय भाषण. समग्र गांधी वाङ्मयाच्या छापील इंग्रजी आवृत्तीत खंड २५ मागा, त्यात ऑगस्ट १९२४ ते जानेवारी १९२५ आहे. इथं बरेच जण फसतात. छापील खंड १०० आणि इलेक्ट्रॉनिक आवृत्तीचे ९८. दोन्हींचे खंड आणि पानं जुळत नाहीत. पीडीएफमधला पान क्रमांक छापील खंडाच्या नावावर खपवू नका, कोणती आवृत्ती पाहिली ते लिहा. बाकी पुस्तकं ड्यूई (पुस्तकं विषयवार लावायची क्रमांक पद्धत) च्या ९५४.०३ कप्प्यात बघा. चरित्रं कधी कधी वेगळ्या कपाटात असतात.

निपाणी_इतिहास
दुसरा प्राथमिक संदर्भ म्हणजे त्या वेळची वर्तमानपत्रं. पण एकावर थांबू नका. 'यंग इंडिया' खुद्द गांधींचं, 'केसरी' टिळकांच्या परंपरेतला. एकाच ठरावाकडे दोघं कसं बघतात ते शेजारी मांडलं की प्रकल्पाला वजन येतं. अधिवेशन २६ आणि २७ डिसेंबरला झालं म्हणून तेवढेच अंक चाळू नका. आधीची तयारी आणि नंतरची टीका धरायला डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंतचे बघा. टिपताना तारीख, पान आणि स्तंभ तिथंच लिहून घ्या, मायक्रोफिल्म (जुन्या अंकांची छायाचित्रित फिल्म) पुन्हा लावायला कोणी रिकामं नसतं.

तिसरा, स्वागताध्यक्ष गंगाधरराव देशपांडे यांची आत्मकथा. माणूस प्रत्यक्ष तिथला, म्हणून प्राथमिक. पण आठवणी बऱ्याच वर्षांनी लिहिलेल्या. वातावरण, माणसं, रुसवेफुगवे यासाठी घ्या. तारखा आणि आकडे वर्तमानपत्राशी ताडून मगच.

काँग्रेसच्या सभासदानं महिन्याला २,००० वार सूत द्यायचं ही अट बऱ्याच लेखांत येते. ती लेखातून उचलू नका, ठरावाच्या मूळ शब्दांतून घ्या. स्वतः कातायचं की दुसऱ्याकडून कातून घेतलेलं चालायचं, हा बारकावा नेमका लेखांत गळतो.

टिळकवाडी_बीए३
आभारी आहे. शोधगंगावर (पीएचडी प्रबंधांचा ऑनलाइन साठा) शहराचं आताचं नाव, Belagavi, टाकलं तर फार कमी येतंय. विकिपीडिया पूर्ण सोडायचा काय?

ग्रंथालय_खानापूर
जुनं इंग्रजी स्पेलिंग, Belgaum, टाकून बघा की. शहराचं नाव अधिकृतपणे बदललं १ नोव्हेंबर २०१४ ला, त्याआधीचे प्रबंध जुन्याच स्पेलिंगनं चढवलेले. प्रबंध सापडला की आधी शेवटची संदर्भसूचीची फाइल उघडा, प्रकरणं नंतर. तिथं आणखी मूळ कागदांचे पत्ते मिळतात. प्रबंध स्वतः मात्र दुय्यमच.

विकिपीडिया सोडू नका, पण आठांत मोजू नका. तळटीपा बघायच्या आणि त्यातलं मूळ पुस्तक शोधायचं. नियतकालिकांतल्या लेखांसाठी कॉलेजला एन-लिस्ट (कॉलेजांसाठीची ई-नियतकालिकांची सोय) आहे का ते ग्रंथपालांना विचारा. असेल तर लॉगिन तेच काढून देतात आणि ते घरूनही चालतं.

निपाणी_इतिहास
एक राहिलं. शताब्दीच्या बातम्या आणि ब्लॉग बऱ्याचदा एकमेकांवरून उतरवलेले असतात. पाच ठिकाणी तोच आकडा, तीच चूक असेल तर तो पाच संदर्भ नव्हे, एकच. मॅडमना ते लगेच दिसतं.