क्वीन मेरी: वेग हेच चिलखत

दुसऱ्या महायुद्धात सैनिक नेणारी प्रवासी जहाजं कायम ताफ्यातूनच जायची असा समज असतो. 'क्वीन मेरी' या ब्रिटिश प्रवासी जहाजाचं मात्र उलट होतं. २८ नॉटच्या (ताशी सुमारे ५२ किलोमीटर) वेगापुढे पाणबुड्यांचा पाड लागत नसे, म्हणून राखाडी रंग फासून ती अटलांटिकभर एकटीच नागमोडी पळायची. किनाऱ्याजवळ तेवढी सोबत. तीच एकदा नडली: २ ऑक्टोबर १९४२ला आयर्लंडच्या उत्तरेला तिने स्वतःच्याच संरक्षक 'क्युरासोआ' या क्रूझर युद्धनौकेला धडकून तिचे दोन तुकडे केले. ३००हून जास्त खलाशी गेले, आणि हुकूमच तसा असल्यामुळे 'क्वीन मेरी' थांबलीही नाही.

जुलै १९४३च्या एका फेरीत तिच्यावर १६,६८३ माणसं होती. शांततेत जेमतेम दोन हजार प्रवासी! एकाच बिछान्यावर पाळीपाळीने झोपायचं. आपली गर्दीची लोकल बरी म्हणायची.